साहेबांसाठी गवत

आमचा जिल्हा जंगलाचा. घरातून निघून कुठल्याही रस्त्याने गेलं की थोड्याच वेळात झाडी लागते, आणि झाडीत वाघ. अशा चंद्रपुरात माझ्या नवऱ्याने नागपूरहून हिरवं प्लास्टिक गुंडाळ्यांनी मागवलं आणि घरामागच्या अंगणात अंथरलं. याला प्रगती म्हणतात म्हणे.

कारण असं झालं. नवरा कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात नोकरीला. तिथे नवे साहेब आले, आणि त्यांच्या पाठोपाठ बातमी आली की काही जणांना राजस्थानातल्या कारखान्यात पाठवणार आहेत. सासूबाईंनी जेवता जेवताच निकाल दिला, "तुमी जा बापा. मी नाई येत. तिकडे माह्यासंगं बोलन कोन?" नवरा त्यांचा एकुलता एक. बदली झाली तर म्हातारी या घरात एकटी राहणार, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं. त्या रात्रीपासून नवऱ्याची झोप उडाली.

दुसरा कोणी असता तर साहेबांपुढे जाऊन घरची अडचण सरळ सांगितली असती. पण आमच्याकडे सरळ बोलणं हा कमीपणा. नवऱ्याने आधी साहेबांची आवड शोधून काढली. आवड निघाली गोल्फची. म्हणून अंगणात पटिंग ग्रीन करायचं ठरलं, म्हणजे काठीने चेंडू हळूच ढकलून भोकात घालायची तेवढी गुळगुळीत हिरवळ. साहेब रविवारी येतील, चार चेंडू ढकलतील, खुश होतील, आणि मग चहा पिताना विषय काढता येईल. नुसत्या चहावर विषय का निघत नाही, असं मी विचारलं. "तुले नाई समजत," असं उत्तर मिळालं. खरंच, मला नाही समजत.

नागपूरहून माणूस आला. सासूबाई ज्या अंगणात रोज शेणाचा सडा घालत, चैतात मोहफुलं वाळवत आणि माहेरच्या तलावातली मासळी सुकवत, ते अंगण त्याने खणून काढलं. खाली गिट्टी, वर दगडाची चुरी, त्यावर धुम्मस मारून सगळं सपाट. मग गवताच्या पट्ट्या चिकटवल्या, वर बारीक रेती पसरून झाडूने आत घातली, आणि शेवटी भोकात एक वाटी बसवून त्यात इवलासा झेंडा रोवला. उतार बरोबर आहे का ते बघायला नवरा पोटावर पालथा पडून एक डोळा मिटून बघत होता. मला बघायला आला होता तेव्हासुद्धा त्याने इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"याले ढोरं खाते का रे?"

"नाई, माय."

"फुलं लागते?"

"नाई."

"मंग कायले लावलं?"

"साहेब येते यावर खेळाले. खुश झाला तं बदली नाई होत."

एवढं ऐकल्यावर त्यांनी मोहफुलांची टोपली उचलली आणि गुडघे धरत धरत गच्चीवर घेऊन गेल्या. मला त्यांची कीव आली आणि नवऱ्याचा राग आला. गवत मात्र छान दिसत होतं, हे कबूल करायला हवं. दुपारच्या उन्हात त्यावर पाय ठेवला की तळवा भाजायचा, आणि संध्याकाळपर्यंत कोळशाची धूळ बसून ते काळपट व्हायचं. मग नवरा कामावरून येऊन पाइप लावून गवताला आंघोळ घालायचा. घरातल्या कुंड्यांना कधी तांब्याभर पाणी घातलं नाही या माणसाने.

अखेर रविवार उजाडला. नवरा सकाळीच साहेबांना आणायला गेला. मी स्वयंपाकघरात पोहे करत होते. गाडीचा आवाज आला म्हणून मागचं दार उघडलं, आणि झारा हातातच राहिला. अख्ख्या हिरवळीवर शेणाचा सडा पडला होता. चांगला दाट, पाहुण्याच्या मानाचा. भोकाभोवती रांगोळी काढलेली, झेंड्याला हळदकुंकू. सासूबाई हात पुसत उभ्या होत्या. "मोठा मानूस येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "आंगन कोरडं ठेवाव का?"

साहेब आले. बघितलं. बूट जपत हिरवळीवर गेले. नवऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता. साहेबांनी एक चेंडू ढकलला. तो शेण गोळा करत करत रांगोळीपर्यंत गेला आणि तिथेच बसला. साहेबांनी बुटाकडे पाहिलं, मग रुमाल काढला.

"छान केलंय हो सगळं," टाच पुसत ते म्हणाले. "पण आता तुम्ही जाणार, हे इथं पडूनच राहणार. ऑर्डर तर मागच्याच आठवड्यात निघाली. कळलं नाही का तुम्हाला?"

मग त्यांनी पोहे खाल्ले, पुन्हा मागून खाल्ले.

म्हणजे गवताच्या गुंडाळ्या सोडत होतो तेव्हाच सगळं ठरून गेलं होतं. साहेब गेल्यावर मी मोठ्याने हसले, आणि मग मलाच रडू फुटलं. सासूबाई दारातच बसल्या होत्या. "साहेबाच्या बुटाले शेन लागलं," त्या म्हणाल्या. "माह्यानं झालं." नवऱ्याने त्यांचे हात धरून समजावलं, ऑर्डर आधीच निघाली होती म्हणून शपथा घेतल्या. मीही घेतल्या. आईचं मन राखायला पोरगं खोटं बोलतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता आम्ही राजस्थानात आहोत. त्या तिकडेच आहेत. अंगणात त्यांनी पुन्हा कधी सडा घातला नाही, मोहफुलं अजून गच्चीवरच नेतात. शेजारीण सांगते, म्हातारी रोज सकाळी खाली बसून ओल्या फडक्याने गवत पुसते. फोनवर मी सांगते की राहू द्या, गुडघे दुखतील. त्या ऐकतात, आणि फोन ठेवायच्या आधी दर वेळी तेच म्हणतात.

"गवत एकदम साफ ठेवलं आहे, बाई. साहेबाले एकडाव पुन्हा बोलवाले सांग त्याले."