तिरप्या बसची नोंद

जिंतूर रस्ता परभणीत शिरतो तिथे एक थांबा आहे. मी पाहणीला उभी राहिले त्या दिवसांत तिथे एस.टी. कधीच सरळ उभी राहत नसे. थांबताना चालक बसचे तोंड रस्त्याच्या मध्याकडे वळवायचा. मागची वाहने तिच्या पाठीशी अडकून पडायची आणि समोरच्यांना तो खिडकीतून हात काढून थोपवायचा. उतरलेली माणसे बसच्या तोंडासमोरून पलीकडे जायची. शेवटचे माणूस पोचले की हात आत जाई, बस सरळ होई आणि हॉर्नचा गलका पुढे सरके.

हे सारे मी समोरच्या दुकानाच्या गच्चीवरून पाहत होते. सांख्यिकीत एम.एस्सी. करून मी नुकतीच रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले होते. चालणारे, सायकलवाले आणि बसचे प्रवासी यांच्यासाठी हा रस्ता सुरक्षित कसा होईल, यावरचा अहवाल हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. त्यात कोणालाही बोट ठेवायला जागा राहू नये, अशी माझी ईर्षा होती. तक्त्यात ‘अडथळे’ नावाचा रकाना होता. त्यात मी हातगाडे लिहिले, फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकली लिहिल्या आणि तिरपी उभी राहणारी बसही लिहिली.

शिफारशी चार होत्या. फुटपाथ मोकळा करणे, थांब्यापाशी रस्ता ओलांडण्यासाठी उंच पट्टा बांधणे आणि सायकलींना कडेची जागा राखणे या तिन्ही कामांना निविदा लागणार होती. चौथीला, म्हणजे बससाठी कडेला पिवळी चौकट आखून चालकांना तिच्यातच थांबायला सांगण्याला, रंगाचे दोन डबे पुरले. ती लगेच अमलात आली. मी पुन्हा गच्चीवर जाऊन मोजणी केली. वाहने अडत नव्हती. तो आलेख मी मोठ्या समाधानाने घरच्या ग्रुपवरही टाकला.

पुढच्या रविवारी काकू आमच्या घरी आली. ती याच रस्त्यावरच्या एका खेड्यात राहते. काका मेंढरे राखतात, आणि काकू रोज सकाळच्या बसने परभणीला येऊन शाळेत मुलांची खिचडी रांधते. शाळा थांब्याच्या पलीकडच्या बाजूला आहे.

“त्या थांब्यावर पट्टे कोन्या शान्यानं मारलेत गं?” तिने चहाची बशी तोंडाला लावत विचारले.

“मी.”

“तू व्हय? मंग तुला मोजायला येतंय, पर उतरायला न्हाई येत.”

आई हसू दाबत आत गेली. काकू मात्र हसत नव्हती. बस कडेला लागल्यापासून मागची वाहने न थांबता सुटत होती आणि दुखऱ्या गुडघ्याने तिला त्यांच्यातून जाता येत नव्हते. तीनदा उशीर झाला होता.

“शाळेच्या मोठ्या बाई म्हनल्या, चूल येळेवर पेटली न्हाई तर दुसरी रांधनारी ठेवावी लागंल,” ती म्हणाली. “तू गाड्या मोजल्यास. मानसं न्हाई मोजलीस?”

“मोजली की, काकू.”

“मंग आमी कुठं हाव त्यात?”

ती गेल्यावर मी तक्ते काढले. माणसे होती. बस किती वेळ वाट अडवते हे एका तक्त्यात होते आणि माणसे कधी रस्ता ओलांडतात हे दुसऱ्यात. दोन्ही तक्ते मी कधी शेजारी ठेवलेच नव्हते. ठेवल्यावर दिसले की जवळजवळ सगळी माणसे बस तिरपी असतानाच पलीकडे गेली होती. मी ज्याला अडथळा म्हटले होते, तीच त्या रस्त्यावरची ओलांडण्याची एकमेव सोय होती.

सोमवारी पहाटेच काकूच्या गावी जाऊन मी तिच्याबरोबर परतीच्या बसने आले. आजवर हा रस्ता मी वरूनच पाहिला होता. खाली उतरल्यावर वाहनांची संख्या कळत नाही, फक्त वेग कळतो. आमच्या शेजारी काठी टेकलेले एक आजोबा आणि सायकल हातात धरलेल्या दोन शाळकरी मुली उभ्या होत्या. काकू एक पाऊल पुढे टाकी आणि मागे घेई. शेवटी तिने माझे मनगट धरले आणि वाहनांत जरा फट पडल्यावर आम्ही पलीकडे गेलो.

शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात मुख्याध्यापिका घड्याळ बघत उभ्या होत्या. चूक माझी आहे, असे मी त्यांना सविस्तर सांगितले.

“मुलं ताटं घेऊन बसली की त्यांना मी तुमचा अहवाल वाढू का?” त्या म्हणाल्या. मग जरा नरमल्या. “शनिवारपर्यंत बघते. त्यापुढं माझा नाइलाज आहे.”

कार्यालयात मी आमच्या संस्थेच्या सरांना तक्ते दाखवले. त्यांना पटले, पण ते म्हणाले, “चूक लेखी द्यायची नसते. पुढच्या अहवालात सुधारित शिफारस म्हणून घाला.”

पुढचा अहवाल तीन महिन्यांनी होता. मी त्याच दुपारी एक पानी पत्र लिहिले: चौथी शिफारस चुकीची होती, उंच पट्टा बांधून होईपर्यंत चालकांना दिलेली सूचना मागे घ्यावी. खाली सही केली. सरांनी ते दोनदा वाचले. “पाठवा. पण पुढच्या कामाला तुमचं नाव सुचवताना मला विचार करावा लागेल.” मला ते लागले. तरी पत्र मी स्वतः महापालिकेत नेऊन दिले.

स्टँडवर सकाळच्या बसचे चालक भेटले. “पट्टे तुमीच मारले, आता तुमीच म्हनता तिरपी लावा. एकदा ठरवून या की मॅडम.”

“ठरवूनच आलेय.”

“कागद येऊ द्या. बोलनी मला बसत्यात, तुमाला न्हाई.”

त्यांचे बरोबर होते. कागद गुरुवारी आला आणि बस पुन्हा तिरपी उभी राहू लागली. त्यासोबत एक गोष्ट अशी झाली जिचा मी हिशेबच केला नव्हता. बस कायम तिरपी उभी करा, असे कोणतेही कार्यालय लिहून देऊ शकत नाही, म्हणून सूचना मागे घेताना मुदत घालावी लागली, आणि मुदत पाळायची म्हणून उंच पट्ट्याची निविदा पुढे सरकली. पट्टा आता बांधून झाला आहे. वाहने तिथे आपसूक हळू होतात.

पण तेव्हा मी वाट पाहत होते ती शनिवारची. त्या सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा चूल पेटलेली होती आणि काकू डाळ-तांदूळ धुऊन आधणात सोडत होती. मुख्याध्यापिका दारात आल्या, पातेल्यात डोकावल्या.

“मीठ बघून घाला हं. काल अळणी होती,” एवढे बोलून त्या वर्गाकडे गेल्या.

काकूने पदराने कपाळ पुसले. “ऐकलंस? आता मिठावर आल्या,” ती म्हणाली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. “टाक तूच. मापात टाक मातर.”