बस्त्यावचा शनिवारचा शर्ट

बस्त्याव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बॉयलरजवळ उभा होतो. मनात पहिलं आलं ते हेच, की सालं, इथंही हा माझ्या आधी!... तीन आठवडे झाले, ते काही मनातून जात नाही.

वसई पूर्वेला आमचे कापड रंगवायचे कारखाने भिंतीला भिंत लावून. दोघांचेही बॉयलर फर्नेस ऑइलवर, म्हणजे काळ्या जाड तेलावर. माझ्या चिमणीचा धूर असा जोरकस, की तिकडे कळंबच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील मसाल्याशिवाय काळे व्हायचे. सांडोरच्या केळीबागेत वाढलेल्या बस्त्यावला मात्र धूर सोसेना. इंधन बदलायचं त्यानं ठरवलं. डिझेलवाले, गॅसवाले, सगळे येऊन गोड बोलून गेले, पण हा पठ्ठ्या कुणाचं ऐकेल तर शपथ! शनिवारी नवं इंधन पेटवायचा आणि धूर जाईल त्या बाजूला, गच्चीवरच्या दोरीवर, चर्चमध्ये मिस्साला घालायचा पांढरा शर्ट टांगायचा. रविवारी तोच अंगात! रोझीवहिनी दारातच नवऱ्याची कॉलर तपासायच्या.

शेवटी त्यानं पांढरा कोळसा आणला, म्हणजे भुसा आणि शेंगांची टरफलं दाबून केलेल्या कांड्या. "झाडानं हवेतून घेतला तेवढाच कार्बन परत जातो रे," मला समजावत होता, जणू झाडं त्याच्या सासरची. आणि शर्ट निघाला काळा! मी अख्ख्या इस्टेटला चहा पाजला. तो मात्र शर्ट घेऊन माझ्याकडेच आला.

"विष्ण्या, हात लाव. चिकट आहे. ही काजळी तेलाची. माझी नाही, तुझी."

"मग शर्ट दुसरीकडे टांग!"

"शर्ट टांगेन. गाव कुठे टांगू?"

"बदलतो इंधन, पण तेल कायमचं बंद करणारा पहिला मी," असं मी अडून बसलो. "बरं, पहिला तू," तो हसला. तसा पहिला झालोही, मागोमाग तोही. तरी बघायला येणारी माणसं माझ्या दारावरून सरळ त्याच्याकडे! चहा माझा, कौतुक त्याचं.

धुऊन पुन्हा पांढऱ्या झालेल्या त्याच शर्टात त्याला पुरलं. शवपेटीतही कॉलर अशी झळकत होती, की रडता रडता मला हेवा वाटला.

दोरी अजून तिथंच आहे. तिचं एक टोक माझ्या पाण्याच्या टाकीला. परवाच्या शनिवारी दोन्ही बॉयलर धडधडत असताना मी माझा पांढरा शर्ट तिच्यावर टांगला आणि रविवारी तो घालून सांडोरला गेलो. रोझीवहिनींनी चष्मा लावला, कॉलर उलटून पाहिली.

"स्वच्छ आहे, भाऊजी."

मी छाती फुगवली.

"पण त्याच्याइतका नाही."