उंडीच्या वळणावरची सायकल

सायकलवाल्यांच्या गोष्टी पंक्चरसारख्या असतात. एक काढावी तर शेजारी दुसरी सापडते! अलिबागला हसनमिस्त्रींच्या दुकानातल्या बाकावर बसून मी अशा किती ऐकल्या आणि किती स्वतः रचल्या, याचा आता मलाच पत्ता नाही. पण या इथे सांगतोय त्या रचलेल्या नाहीत. असत्या तर बरं झालं असतं.

मोटारी नव्यानं आल्या तेव्हाचे दिवस. मी गावोगाव सायकलवरून देवीची लस टोचत फिरायचो, म्हणून लोक मला डॉक्टर म्हणत. आमच्या रस्त्यावर धावायची एकच सर्व्हिस मोटार आणि सायकली फार तर पाच-सात. एवढा मोकळा रस्ता, तरी दोघं एकमेकांना शोधून काढून धडकायचे!

तलाठी तात्यांचंच घ्या. सायकल नवीन शिकलेले. भर बाजारात उभ्या मोटारीवर जाऊन आदळले आणि वर फौजदारांकडे तक्रार!

"तात्या, मोटार तर उभी होती ना?" फौजदारांनी विचारलं.

"उभीच होती. पण मी येतोय हे दिसत असून ती हलली का नाही?"

फौजदारांनी मोटारीच्या ड्रायव्हरला, म्हणजे बाबूला, समज दिली. तलाठ्याशी वाकडं कोण घेणार?

हा बाबू मोटारवाला असून आमच्या बाकावर बसायचा. फार सांभाळून गाडी हाकायचा. सहा वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. घरी आंधळी आई, दोन लहान मुली. लायसन गेलं तर चूल बंद. कधीतरी आपल्या हातून माणूस मरणार, ही एकच धास्ती त्याला खायची. आम्ही त्याची थट्टा करायचो. करायला नको होती.

धडक झाली की दोष कुणाचा, हे हसनमिस्त्री चाक बघून सांगायचे. "पुढलं चाक वाकलं तर सायकलवाला चुकला. मागलं वाकलं तर मोटारवाला." फौजदार पंचनामा लिहिण्याआधी दुकानात यायचे. मिस्त्री म्हणायचे, "साहेब, साक्षीदार पैसे खातो, चाक खात नाही!"

एकदा पोस्टमन रघुनाथ लंगडत, सायकल खांद्यावर घेऊन दुकानात आला. नागावच्या अलीकडे उंडीच्या झाडापाशी वळण आहे, तिथे ऐन दुपारी मागून मोटारीनं उडवलं म्हणाला. मागचं चाक चपटं झालेलं. मडगार्डवर काळं ग्रीस.

फौजदार गरजले, "बोलवा त्या बाबूला!"

बाबू बाकावरच बसला होता. त्याची मोटार तीन दिवस रेवसला खोलून पडली होती. तिच्याविना फौजदार स्वतः त्या सकाळी बैलगाडीनं आले होते!

मिस्त्रींनी ग्रीसवर बोट फिरवलं, वास घेतला. "मोटारच आहे," ते म्हणाले. "कुठली, ते मला विचारू नका."

मग बाबूचीच पाळी आली. त्याच वळणावर त्याला मागून सायकलची घंटी ऐकू आली. मोटारीच्या मागून! घाईत असेल कुणी, म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली. आतल्या उतारूंनीही घंटी ऐकली. एक म्हातारी तर "जाऊ द्या रं त्याला," म्हणाली. कुणी गेलं नाही. बाबू खाली उतरला. पुढच्या लाल धुळीत एका सायकलच्या चाकांचा माग होता, मोटारीच्या पुढे गेलेला, अगदी ताजा. हे त्यानं बाकावर सांगितलं तेव्हा तात्या हसले. मला काही हसू आलं नाही.

बाबू देवळात कौल लावायला गेला. सोबत मी होतो. गुरवानं देवाच्या उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवल्या. "काय विचारू?"

"दोष कुनाचा? सायकलवाल्याचा असंल तर उजवी पडू दे. माजा असंल तर डावी."

"अरे, पण अपघात झालाय कधी?" गुरवानं विचारलं.

बाबू म्हणाला, "झाला न्हाय अजून. म्हनून तर विचारतंय."

आम्ही तासभर बसलो. एकही कळी पडली नाही. गुरव म्हणाला, असं कधी होत नाही.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, मी दुकानात बसलो होतो. माझी सायकल मिस्त्रींनी पंक्चर काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबूची मोटार आली. पुढे फौजदार बसलेले, मागे टपाला एक चेंगरलेली सायकल बांधलेली.

बाबू उतरून सांगू लागला. "उंडीच्या वळनावर. माज्याच गाडीनं, मागनं. खाकी कोट व्हता. मानूस उडताना समद्यांनी बघितला."

"आणि माणूस?" मी विचारलं.

"गावला न्हाय."

फौजदार म्हणाले, "तिथली सगळी वाडी पालथी घातली. रक्ताचा थेंब नाही. पण सायकल आहे म्हणजे माणूस आहे. धनी मिळेपर्यंत हा आत राहील."

बाबू मटकन बाकावर बसला. "माज्या आयला कोन बगंल, साहेब?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खाकी कोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मिस्त्री त्या सायकलच्या नळीवरची धूळ पुसून, दर सायकलला वेगळा असतो तो, कारखान्यात ठोकलेला नंबर वाचत होते. वाचून ते उठले, भिंतीपाशी गेले, माझ्या सायकलचाही नंबर धूळ पुसून वाचला. पुन्हा परत आले. मग मला हाक मारली. "डॉक्टर, जरा इकडे या."

मी वाकून पाहिलं. सहाच्या सहा आकडे माझ्याच सायकलचे. खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं.

फौजदारांनी बेडी काढली. बाबूनं मुकाट्यानं हात पुढे केले.

"थांबा," मी म्हणालो. "धनी मी आहे. मला काही लागलेलं नाही. ही सायकल माझी."

फौजदारांनी नंबर वाचला. मग भिंतीकडे बोट केलं.

"आणि ती?"

"तीसुद्धा माझीच," मी म्हणालो.