पाटीपाशी थांबणारा ऑटोवाला

मैलापूरमध्ये मला रोज स्टेशनवर सोडणारा ऑटोवाला घराजवळच्या चौकात 'स्टॉप'च्या पाटीपाशी पूर्ण थांबायचा आणि मुठींनी स्वतःचं कपाळ ठोकायचा. मला वाटायचं, बिचारा बेशिस्त लोकांना वैतागलाय. तोवर उजवीकडचे सगळे निघून जायचे. माझी ट्रेन चुकायची, पण नियम पाळणाऱ्याला बोलणार काय?

परवा रस्ता खणलेला होता, म्हणून दुसऱ्या चौकातून गेलो. तिथेही तीच पाटी, तरी हा सुसाट घुसला. उजवीकडून आलेला पाण्याचा टँकर हातभर अंतरावर थांबला.

“पाटी दिसली नाही?” मी ओरडलो.

“दिसली, सार. पण इथे पिल्लैयार नाही.”

म्हणजे इतके दिवस तो आमच्या चौकातल्या पाटीमागच्या गणपतीच्या देवळाला, तिकडच्या रीतीप्रमाणे कपाळ ठोकून, नमस्कार करत होता.

आज आमच्या चौकात तो थांबला, तसा मी वैतागून कपाळावर हात मारला. आरशात बघून तो समाधानाने हसला.