चौदा नंबर आणि तीन बोलकी यंत्रं

एकतीस वर्षं शहरात बस चालवलेल्या माणसाला शहरातले रस्ते ठाऊक नाहीत, हे कुणाला सांगून पटलं नसतं. म्हणून चौदा नंबरने ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

चौदा नंबर हे त्याचं डेपोतलं नाव. नोकरीला लागला त्या आठवड्यात त्याला चौदा नंबरचा मार्ग मिळाला, आणि निवृत्त झाला त्या दिवशीही तो त्याच मार्गावर होता. डेपो, इस्पितळ, गिरणीचं गेट, पाण्याची टाकी आणि परत. बाकीचे ड्रायव्हर मार्ग बदलून मिळावा म्हणून साहेबांच्या मागे लागायचे, याने कधी तोंड उघडलं नाही. त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता, कुठल्या खिडकीत कुठलं मांजर बसतं तेही. पण इस्पितळाच्या चौकात उजवीकडे वळलं तर पुढे काय लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. कधी वळलाच नव्हता. सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं झालं तर तो दुसऱ्याच्या बसने जायचा, आणि प्रवासी म्हणून बसला की दुसऱ्या मिनिटाला त्याची मान खिडकीवर टेकलेली असायची.

लोक मात्र पत्ते त्यालाच विचारायचे. तो गंभीर चेहरा करून लांबवर कुठेतरी बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "तिकडे पुढे जाऊन विचारा." एवढ्या एका उत्तरावर त्याने सगळी नोकरी निभावून नेली.

त्याची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती त्याच्या आधी वर्षभर निवृत्त झाली होती, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, लिफ्टमधल्या सूचना, जे दिसेल त्यातली चूक ती काढायची. नवऱ्यातल्या चुका तिने केव्हाच तपासून बाजूला ठेवल्या होत्या. ही एक तेवढी तिच्या हातून सुटली होती.

ती सापडली गाडीमुळे. तिचा धाकटा भाऊ परदेशी जायला निघाला आणि जाताना आपली छोटी निळी गाडी बहिणीला देऊन गेला. पुढच्याच रविवारी तिच्या ताईने नदीपलीकडच्या नव्या घरी दोघांना जेवायला बोलावलं. अकरा वाजता दोघं निघाली. डेपोचा कोपरा आला आणि चौदा नंबरचे हात आपोआप वळले. इस्पितळापाशी त्याने गाडी कडेला घेतली, मनात पंधरा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केली. नवी गाडी आहे म्हणून जपून चालवताहेत, असं बायकोला वाटलं. गिरणीच्या गेटपाशी तो तसाच थांबला, तेव्हा मागचं दार उघडलं आणि लोकरीची टोपी घातलेल्या एक आजीबाई पिशवीसकट आत येऊन बसल्या.

"आज गाडी लहान दिली का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

बायकोने मागे वळून बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. आजीबाईंना टाकीपाशी उतरायचं होतं, रोजच्यासारखं. वाटेत त्यांनी त्याच्या खोकल्याची चौकशी केली, निवृत्तीनंतरही कामावर बोलावतात म्हणजे किती हा त्रास, म्हणून हळहळल्या, आणि टाकीपाशी उतरून निघून गेल्या.

"अहो," बायको म्हणाली, "ताईचं घर नदीपलीकडे आहे. आपण टाकीपाशी काय करतोय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने स्टीअरिंगकडे बघत सगळं सांगून टाकलं.

"एकतीस वर्षं?"

"एकतीस."

तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. मग म्हणाली, "म्हणजे आपण फिरायला म्हणून कायम डेपोसमोरच्या बागेत जायचो ते…"

"हो."

"तुम्ही म्हणायचात, इथली हवा चांगली आहे."

"होती की चांगली," तो पडेल आवाजात म्हणाला.

तिने चष्मा काढला. आता काही खरं नाही, असं त्याला वाटलं, तोवर तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग मोकळेपणी, मग डॅशबोर्डवर हात आपटत. तो चोरासारखा बघत राहिला आणि मग त्यालाही हसू आवरेना. अकरा जणांना रस्ता विचारत दोघं दोन तास उशिरा ताईकडे पोहोचली. ताई फुरंगटून बसली होती. उशीर का झाला, ते दोघांपैकी एकालाही धड सांगता येईना. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला हसू फुटायचं.

रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं. कारण खरी परीक्षा पुढेच होती. मुलगी घाटापलीकडच्या शहरात राहायची आणि गाडी आल्यापासून 'कधी येताय' म्हणून मागे लागली होती. यंत्राचं ऐकून तिने सांगितलं, बाबा, फोनमध्ये सगळं असतं, वेगळं कशाला घेताय. त्याने फोनवर एक दिवस करून बघितलं. नकाशा बोलायला लागला न लागला तोच फोन वाजला. नकाशा कसा चाललाय, हे विचारायला मुलीनेच केला होता. तेवढ्यात नकाशा कुठल्या कुठे गडप झाला आणि वळणही गेलं. शिवाय घाटात फोनला रेंज नसते, हे मुलगीच दर खेपेला सांगायची.

गाडीच्या सामानाच्या दुकानात रबराचा वास भरून राहिला होता. काउंटरवर आखूड केसांची एक मुलगी पेनचं टोपण चावत बसली होती. तिने एका दमात यादी म्हणून दाखवली. पडदा केवढा हवा, रहदारीची ताजी खबर हवी का, पार्किंग दाखवायला हवं का, हॉटेलं, फोन, गाणी, टायरमधली हवा, मागचा कॅमेरा. चौदा नंबरचा चेहरा बघून ती थांबली आणि तिने पेन खाली ठेवलं.

"हे राहू दे, काका. गाडी चालवताना तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

इतका सरळ प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "वळण मागे पडल्यावर कळण्याची," तो म्हणाला.

मुलीला एकदम हुरूप आला. मग आधी दोनच गोष्टी बघायच्या, ती म्हणाली. वळण यायच्या किती आधी सांगतं, आणि कुठल्या लेनमध्ये राहायचं ते दाखवतं की नाही. तिने नमुन्याची तीन यंत्रं काढली. दुकानाच्या नियमाप्रमाणे ती दुकानाबाहेर नेताना दुकानातलं कुणीतरी बरोबर हवं होतं, आणि तिला स्वतःलाही शहराबाहेरच्या रोपवाटिकेतून आईसाठी एक रोप आणायचं होतं. तिने मालकांना विचारलं आणि मागच्या सीटवर बसली. तिन्ही यंत्रं काचेला ओळीने चिकटवली, तिन्हींत एकच पत्ता भरला आणि म्हणाली, "चला."

पहिलं यंत्र सगळ्यात मोठं. त्याच्या पडद्यावर इतकं काही होतं की त्यात रस्ता शोधावा लागत होता. जवळचं हॉटेल, त्यापेक्षा जवळचं हॉटेल, बाहेरची थंडी, टायरची तब्येत. दुसरं पातळ आणि देखणं, पण आवाज वैतागलेल्या मुख्याध्यापिकेचा. जरा चुकलं की म्हणायचं, "शक्य असेल तेव्हा मागे वळा," आणि ते अशा सुरात की माणसाला आपल्या सगळ्या आयुष्याबद्दल शंका यावी. तिसरं दिसायला साधं, ठोकळ्यासारखं. अक्षरं अंगठ्याएवढी.

पहिली दहा मिनिटं तिन्ही यंत्रांचं जमलं. मग नदीजवळचं मोठं वर्तुळ आलं, पाच रस्ते फुटणारं. मोठं म्हणालं दुसरा रस्ता घ्या, देखणं म्हणालं तिसरा, आणि ठोकळा काही बोलायच्या आत दोन्ही रस्ते मागे पडले. चौदा नंबरने आणखी एक फेरी मारली. या वेळी तिघं एकदम बोलली. शेजारून बायको देखण्या यंत्राला सांगत होती की 'वळण घेण्यात यावे' असं कुणी बोलत नाही, 'वळा' म्हण. मागे मुलीची हसून हसून मुरकुंडी वळली होती. तिसऱ्या फेरीला वर्तुळाच्या मधोमध उभ्या असलेल्या पोलिसाने त्यांना सलाम ठोकला. चौथ्या फेरीला हात आडवा केला.

"काय चाललंय?" त्याने खिडकीशी वाकून विचारलं.

"तिघांचं एकमत व्हायची वाट बघतोय," चौदा नंबर म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

पोलिसाने आत डोकावून तिन्ही पडद्यांकडे बघितलं. नेमकं तेव्हाच देखण्या यंत्राने जाहीर केलं, "आपण आपल्या गंतव्यस्थळी पोहचला आहात." पोलीस मागे सरकला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. त्याने जायची खूण केली आणि पाठ फिरवली, बहुधा हसू लपवायला.

"'पोहोचला'," बायको म्हणाली. "आणि 'गंतव्यस्थळ' कुठून काढलंस?"

मुलीने हात लांबवून दोन यंत्रं बंद केली. उरलेला ठोकळा शांतपणे म्हणाला, "पेट्रोल पंपानंतर डावीकडे." चौदा नंबरचे कान टवकारले. पाचशे मीटर नाही, पेट्रोल पंप. ही भाषा त्याला कळत होती, याच भाषेत तो जगला होता. पेट्रोल पंप आला, तो डावीकडे वळला. मग शाळेच्या भिंतीपाशी उजवीकडे, पिवळ्या इमारतीच्या आधी पुन्हा डावीकडे. प्रत्येक खूण वेळेवर आली. जीव भांड्यात पडला होता, हात हलके झाले होते. एका वळणावर त्याने कारण नसताना हॉर्न वाजवला.

रोपवाटिकेतल्या बाकावर बसून तिघांनी निवड केली. आधी तिन्ही यंत्रं उन्हात धरून बघितली. मोठ्याच्या चकचकीत काचेत चौदा नंबरला फक्त स्वतःचं नाक दिसलं. ठोकळ्याचा पडदा मंद होता, पण उन्हातही वाचता येत होता. मग त्याने यादीवर काट मारायला घेतली. हॉटेलं नकोत, भूक लागली की आपल्याला कळतं. गाणी नकोत. टायरची हवा तो लाथ मारून ओळखायचा. फोन तर नकोच नको. रहदारीची खबर ठेवावी की काढावी, यावर थोडी घासाघीस झाली, शेवटी ठेवली. बायको तोवर खोक्यावरचा बारीक मजकूर वाचत होती.

"आजीवन नकाशे मोफत," तिने वाचलं. "कुणाच्या आजीवन? यांच्या की यंत्राच्या?"

मुलीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने मालकांना फोन लावला, मालकांनी आणखी कुणाला तरी लावला, आणि उत्तर आलं, यंत्राच्या. बायकोने मान डोलावली. मग तिचं बोट पडद्यावरच्या एका ओळीवर थांबलं. जवळचा रस्ता, लवकरचा रस्ता, आणि त्याखाली वळणावळणाचा रस्ता.

"हा कुणी वापरतं का?"

"क्वचित," मुलगी म्हणाली. "लोकांना घाई असते."

"आम्हाला नाही," बायको म्हणाली आणि तिने ते दाबलं.

चाळीस मिनिटांचा परतीचा रस्ता दोन तासांचा झाला. ठोकळ्याने त्यांना गल्लीबोळांतून नेलं, कुंभारांच्या भट्ट्यांशेजारून नेलं, नदीच्या एका जुन्या लाकडी पुलावरून नेलं. तिथे बाया गालिचे धूत होत्या आणि गाडी पाहून त्यांनी ओल्या हातांनी टाटा केला. पुढे एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या सायकल दुरुस्तीच्या टपऱ्या होत्या. मग एक चढ आला आणि चढाच्या टोकाला सगळं शहर एकदम खाली पसरलेलं दिसलं. चौदा नंबरने गाडी बंद केली. रोपाची कुंडी मांडीवर घेऊन मुलगीही खाली उतरली.

"हे सगळं इथेच होतं?" तो म्हणाला.

"इथेच होतं," बायको म्हणाली.

त्याला काय करावं ते सुचेना. म्हणून त्याने त्या दुकानातल्या मुलीशी जोरजोराने हात मिळवला, जणू तो डोंगर तिनेच आणून ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात दोघं घाटापलीकडे लेकीकडे निघाली. ठोकळ्याला बायकोने घाटातही वळणावळणाचाच रस्ता लावला. घाट मुळात वळणांचाच असल्याने त्याची सोय झाली. रेंज गेली, फोन मुका झाला, ठोकळा बोलत राहिला. भोपळ्याच्या आकाराचा एक दगड त्याने खूण म्हणून सांगितला तेव्हा दोघांनी एकदमच टाळी दिली. पाच तासांचा रस्ता आठ तासांत काटून दुपारी तीनला ती मुलीच्या इमारतीत शिरली आणि पाटीवरचा बाण बघून तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरली. तिथे ठोकळ्याची बोलती बंद झाली. त्याला आकाश लागतं आणि डोक्यावर सतरा मजले होते.

तीन तळघरं होती, तिन्ही सारखीच. खांब सारखे, दिवे सारखे. बाहेर पडायचा बाण दिसायचा, त्याच्या मागोमाग गेलं की आणखी एक मजला खाली. एकाच लाल गाडीपाशी ती पाचव्यांदा आली तेव्हा बायकोने कपाळ डॅशबोर्डला टेकवलं. तिचे खांदे हलायला लागले होते. चौदा नंबरने गाडी थांबवली, फोन काढला, रेंजची एक काडी मिळेपर्यंत खिडकीतून हात बाहेर धरून ठेवला आणि मुलीला लावला.

"बाबा, कुठपर्यंत आलात?"

"तुझ्या घरी," तो म्हणाला. "पण आम्ही सापडत नाहीये."

मुलगी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, पायात दोन वेगळ्या चपला घालून जिन्याने धावत खाली आली. तिसऱ्या तळघरात तिला निळी गाडी दिसली. दोन्ही दारं उघडी होती, आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही डोळे पुसत होती. ती घाबरून जवळ गेली. जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं, आई मोठ्या कष्टाने श्वास घेत बाबांना विचारत होती, "इथली हवा कशी आहे हो?"