वकीलबाईची आई

गल्लीत तिला सगळे वकीलबाई म्हणत. कोर्टाची पायरी ती जन्मात चढली नव्हती. नोकरी चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम नीट बसते की नाही ते बघायची. नाव पडलं ते लहानपणी, आईपायी. आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे तोंडाने बोलणंही नाही. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. वडील फार लवकर गेले. घरात बोलणारं माणूस एकच उरलं, आणि त्याला वाचा फुटली तशी ते दोघींच्या वाटचं बोलायला लागलं.

नळ गळतो म्हणून घरमालकाशी भांडण आईचं, तोंड लेकीचं. दुधात पाणी घातलं म्हणून आई दूधवाल्याला दोन्ही हातांनी झापायची, आणि लेक तिच्या कमरेशी उभी राहून ते झापणं जरा गोड करून सांगायची, कारण दूधवाला येताजाता तिच्या हातावर गोळी ठेवायचा. एकदा शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. पोरगी वर्गात अखंड बडबडते, अभ्यासाच्या नावाने मात्र शंख, असं त्या म्हणाल्या. वकीलबाईने हातांनी सांगितलं की बाई माझं कौतुक करतायत, मी वर्गात सारखी उत्तरं देते म्हणून. आईने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, हसून मान डोलावली आणि घरी आल्यावर लेकीचा कान असा पिळला की तो संध्याकाळपर्यंत लाल होता. चेहरे वाचण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अशीच वर्षं गेली. लेक मोठी झाली, पण काम तेच राहिलं. बँक, वीज कचेरी, दवाखाना, सगळीकडे दोघी जोडीने. दुकानातून अर्धी सुट्टी मागून मागून वकीलबाईचा मालकही मेटाकुटीला आला होता. आई हात हलवायची आणि ही पुढच्या रांगेचा विचार करत त्याचं एक वाक्य करून टाकायची. दहा वाक्यांचं एक. वेळ कुणाला होता?

मग नगरपालिकेने दिव्यांग नागरिकांसाठी मदत कक्ष उघडला. पायऱ्यांच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला, खुर्चीवर बसूनही हात पोचेल अशी ठेंगणी खिडकी केली, आणि नंबर पुकारण्याऐवजी लुकलुकणारा दिवा बसवला. शिवाय खुणांच्या भाषेची एक दुभाषी नेमली. आठवड्यातले काही दिवस ती कक्षात बसायची, आणि गरज पडली तर इस्पितळात, बँकेत सोबत यायची. वकीलबाईला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण ती फणकारली. आपल्या आईचं बोलणं कुणी परकी बाई काय समजणार, असं तिने शेजारणीला ऐकवलं.

आई मात्र पहिल्याच आठवड्यात गेली. पाण्याच्या जोडणीचं काहीतरी रखडलं होतं. वकीलबाई सवयीने मागोमाग गेली आणि कक्षाच्या काचेबाहेर थांबली. आत आई, दुभाषी ताई आणि पाणी खात्याचा कारकून. आईचे हात भरभर चालत होते. ताई तिच्याकडे बघत सावकाश बोलत होती. आणि एकाएकी कारकून हसला. साधासुधा नाही, खुर्चीत मागे रेलून हसला. आईने पुन्हा हातांनी काहीतरी सांगितलं आणि तो डोळे पुसायला लागला.

काचेबाहेर वकीलबाई चमकलीच. आई घरात फार गमती करायची. पण बाहेरच्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं, कारण ते विनोद कधी कुणी सांगितलेच नव्हते.

त्यानंतर आई एकटी जायला लागली. कचेरीतले लोक तिला ओळखू लागले. धोबीखान्यात वाफेची मशीन नीट चालत नव्हती, ते तिने ताईला नेऊन साहेबांना स्वतः सांगितलं. त्या दिवसांत आईची चालही बदलली, असं वकीलबाईला वाटायचं. आणि आपल्याला आता हलकं वाटायला हवं, तर नेमकं रिकामं का वाटतंय, ते तिला कळायचं नाही.

आईचं पोट दुखायला लागलं ते त्याच सुमारास. तपासण्या झाल्या, त्या वेळी ताई रजेवर होती म्हणून वकीलबाई सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की गाठ आहे, पसरली आहे, औषधाने काही काळ आटोक्यात राहील, बरं होणं नाही. आईचे डोळे लेकीच्या हातांवर लागले होते. वकीलबाईच्या हातांनी सांगितलं, पोटात सूज आहे, औषध बरेच दिवस घ्यावं लागेल, मग बरं वाटेल. हात जराही अडखळले नाहीत. जन्मभराची सवय.

औषध शिरेतून द्यायचं होतं. प्रत्येक खेपेनंतर आई अंथरुणाला खिळायची. ओकाऱ्या व्हायच्या, केसांचे पुंजके उशीवर राहायचे. सुजेचं औषध असं का, असं तिने दोनदा विचारलं. वकीलबाईने दोन्ही वेळा काहीतरी सांगितलं. तिसऱ्यांदा आईने विचारलं नाही. लेक दुकानात गेल्यावर ती कक्षात गेली आणि ताईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली.

हे वकीलबाईला इस्पितळातल्या नर्सकडून कळलं. ती दुकानातून तशीच ताईकडे गेली. आईने काय विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या, आई रडली का, असे प्रश्न तिने एका दमात विचारले. ताईने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही," ताई म्हणाली. "ते बोलणं त्यांचं आहे."

"मी तिची मुलगी आहे."

"म्हणूनच त्यांना विचारा."

आयुष्यभर आईचा एकेक शब्द जिच्या तोंडून बाहेर पडला, तिलाच आता आईचं बोलणं बंद दाराआड. तिला ताईचा भयंकर राग आला, आणि तो काढायला जागा नव्हती, कारण ताईचं चुकलं काय होतं?

घरी आई भाजी निवडत बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिने ताट बाजूला सरकवलं. तिच्या हातांनी सांगितलं, डॉक्टरबाईंचा चेहरा मी त्याच दिवशी वाचला होता. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. मग थकले. आईने लेकीला जवळ ओढलं. ओरडली नाही, कान पिळला नाही. तो पिळला असता तर बरं झालं असतं, असं लेकीला वाटलं.

आईला औषध थांबवायचं होतं. तिने ते ठरवूनच टाकलं होतं. पुढच्या भेटीला ताईला घेऊन जायचं आणि डॉक्टरीणबाईंना सांगायचं. वकीलबाईने वाद घातला, हातापाया पडली, दोन दिवस अबोला धरला, म्हणजे हात मांडीखाली दाबून बसली. आई बधली नाही.

पण भेटीच्या आधी आई कक्षात गेली तर ताईची खुर्ची रिकामी. नेमणूक वर्षभरापुरतीच होती. ती वाढवायचा ठराव सभेपुढे यायचा होता, सभा तहकूब झाली होती. या वेळी वकीलबाई स्वतः नगरपालिकेच्या विभागप्रमुखबाईंसमोर जाऊन बसली. बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी फोन लावले, आणि शेवटी हात टेकले.

"उतार आहे, खिडकी आहे, दिवा आहे. ते एकदा बांधलं की राहतं हो," त्या म्हणाल्या. "माणूस तेवढं दरवर्षी नव्याने मंजूर करावं लागतं."

ताईला दुसऱ्या गावात काम मिळालं होतं. तिने व्हिडिओ फोनवरून बोलायची तयारी दाखवली. इस्पितळात चित्र सारखं थिजत राहिलं, आणि थिजलेल्या हातांना अर्थ नसतो. आईने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि लेकीकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. आईने हात उचलले. सावकाश, नीट, एकेक खूण सुटी करून.

"ती म्हणते की..." वकीलबाईने सुरुवात केली.

आईने तिच्या दंडावर चापट मारली. ओठ वाचून तिला कळलं होतं. तसं नाही, असं तिने सांगितलं. ताई 'ती म्हणते' म्हणायची नाही. 'मी' म्हणायची. तू 'मी' म्हण.

काहीतरी वेगळंच बोलावं, असं एक क्षण वकीलबाईच्या मनात आलं. डॉक्टरीणबाईंना काय कळणार होतं? पण आई डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसली होती, आणि त्या चेहऱ्यावर काय उमटायला हवं ते तिला बरोबर माहीत होतं.

"मला आता हे औषध नको," वकीलबाई म्हणाली. "मला कळलंय मी बरी होणार नाही. मला घरी राहायचंय. दुखलं तर दुखण्यावर काय ते द्या." आईचे हात चालूच होते. वकीलबाईला थांबायची सोय नव्हती. "माझी मुलगी रडेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती वकील आहे, फुकटात वाद घालते."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. आईने ते हसू टिपलं. लेकीच्या पाठीवर थोपटत ती खुशीत खुर्चीत मागे टेकली.

आई त्यानंतर फार काळ राहिली नाही. शेवटी तिला हात उचलवेनासे झाले. ती नुसती बोटं हलवायची, आणि वकीलबाईला त्यातलं अर्धंमुर्धं कळायचं. एके दुपारी ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. लेकीने पुन्हा पुन्हा विचारलं, हात हातात घेऊन बघितले. नाही कळलं. आईनेही मग सोडून दिलं.

पुढे ठराव मंजूर झाला आणि कक्षात नवी दुभाषी आली. वकीलबाई एकदा तिथे गेली. काम काही नव्हतं. नव्या मुलीने हसून हातांनी विचारलं, काय मदत करू? वकीलबाई हातांनी बोलायला लागली, आईबद्दल. मुलगी मन लावून बघत होती, पण मधेच गोंधळली. आईने घरात कितीतरी खुणा स्वतःच्या केल्या होत्या, ताज्या इस्त्रीच्या वासाला एक, लेकीच्या रुसण्याला एक. त्या आणखी कुणालाच येत नव्हत्या. मुलीने नम्रपणे त्यातली एक खूण पुन्हा करून दाखवायला सांगितलं. वकीलबाईने पुन्हा केली. मुलीने मान हलवली, कळलं नाही.

बाहेर दिवा लुकलुकला. उतारावरून एक म्हातारे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसून चाकं ढकलत वर येत होते. वकीलबाईने काही नाही असं सांगितलं आणि त्यांच्यासाठी जागा करून दिली.