स्वतःचे मॉडेल खोडणारे माने सर

पीएच.डी.साठी मी सांगलीच्या कॉलेजात माने सरांना पहिल्यांदा भेटले, तेव्हा अब्बा सोबत होते. त्यांचे मार्केट यार्डात हळदीचे दुकान. त्यांनी सरळच विचारले, "आवं सर, पोरगी प्रोटॉनच्या मागं लागलीया. ह्यातनं काय हाती लागंल व्हय?" सर मूळचे विट्याचे. तेही त्याच बोलीत म्हणाले, "नोकरीचं सांगत न्हाई. पण खोटं बोलायची सवय असंल, तर मोडंल." अब्बा हसले आणि मला परवानगी मिळाली.

सरांनी एका मॉडेलला वीस वर्षे दिली होती. निसर्गातली तीन बले अतिउच्च ऊर्जेला एकच होतात आणि प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असतो, अशी त्यांची मांडणी. तिच्यानुसार प्रोटॉनही कधीतरी मोडायला हवा. जमिनीखाली पाण्याच्या अवाढव्य टाक्या भरून शास्त्रज्ञ वाट पाहत होते. प्रोटॉन काही मोडत नव्हता. त्याचे आयुष्य निदान किती असावे, याची नवी मर्यादा आली. मी आकडेमोड केली. सरांच्या मॉडेलनुसार प्रोटॉन त्याआधीच मोडायला हवा होता; मॉडेल त्या मर्यादेत बसत नव्हते.

मग मी लबाडी केली. जोडीदार कण जितके जड, तितका प्रोटॉन जास्त टिकतो; म्हणून त्यांची वस्तुमाने कारण न देता इतकी वाढवली, की मॉडेल तरले. सरांनी कागद पाहिला.

"एवढं वर का ढकललंस?"

"सर, मग मॉडेल वाचतं."

"वाचवायला आपण काय दवाखाना काढलाय?"

मी रडू लागले. सरांनी आधी चहा मागवला, मग आठवडाभर माझी मूळ आकडेमोड स्वतः तपासली. चूक सापडली नाही. पुढच्याच महिन्यात चर्चासत्रात त्यांचे व्याख्यान होते. भरल्या सभागृहात ते म्हणाले, "माझं मॉडेल गेलं. ते कसं गेलं, हे हिनं शोधलंय. हीच सांगेल." आणि वही उघडून समोर बसले, टिपणे घ्यायला! अशा माणसाची मी विद्यार्थिनी आहे, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. सकाळी कृष्णाकाठी फिरून आले, की अजून नवे शोधनिबंध वाचायला बसतात.

सर, आज माझेही एक मॉडेल आहे. बारा वर्षे जपलेय, त्यामुळे त्यातले दोष मला दिसेनासे झालेत. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. ते मॉडेल चुकीचे ठरेल, त्या दिवशी मला तोंडावर तसे सांगायला तुम्ही हवे आहात.